चूल पेटण्याआधीचा चमचा

मी तांदळाची पिशवी बोलतेय. पोटात सध्या फोमचे तुकडे कोंबलेत आणि समोर काच आहे, त्यामुळे आवाज दबका येईल. राग मात्र दबका नाही.

मला ओक-सूननं शिवलं. उश्तोबेच्या बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी, सदतीस सालच्या हिवाळ्यात. सरकारनं आमच्या कोरियन लोकांना समुद्राकाठच्या गावांतून उचललं, आगगाडीच्या गुरांच्या डब्यांत भरलं, महिनाभर हाकलत आणलं आणि कझाखांच्या या माळावर उतरवून दिलं. लोकांनी जमिनीत खड्डे खणले, वर बोरूचं छप्पर टाकलं आणि त्यातच हिवाळा काढला. ओक-सूनची धाकटी मुलगी वाटेत गेली होती. तिचा अंगरखा तेवढा उरला होता. त्या अंगरख्याची मी झाले. गळ्याशी दोरी, तळाला दुहेरी शिवण. दाणा सांडून चालणार नव्हतं.

आणि तसल्या दिवसांत ती बाई काय करायची ते ऐका. भांडं चुलीवर चढवण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चमचा धान्य ती बाजूला काढायची आणि माझ्या पोटात टाकायची. तांदूळ असले तर तांदूळ, नसले तर कझाख शेजारणींनी दिलेली वरी. ते देवाचं. शिजवून, खाऊन उरलेलं नव्हे. उरलेलं द्यायला विश्वास लागत नाही, फक्त मोठं भांडं लागतं.

तिचा मुलगा एकदा कुरकुरला, की आई, आपल्यालाच पुरत नाही आणि तू काढून काय ठेवतेस.

"पुरत नाही म्हणूनच काढतेय," ओक-सून म्हणाली. "पुरलं असतं तर मला देवाची आठवण तरी झाली असती का?"

रविवारी पाच ख्रिस्ती घरं एका खड्ड्यात जमायची. पाच पिशव्या एका मडक्यात रित्या व्हायच्या. मडकं दाराजवळ असायचं. ज्या घरात त्या आठवड्याला काहीच नसेल त्यानं जाताना त्यातलं न्यायचं. कोण नेतंय हे कुणी बघायचं नाही, म्हणून शेवटच्या गीताला सगळे डोळे मिटून घ्यायचे. त्या पहिल्या दोन वर्षांत ओक-सूननंही दोनदा नेलं. मी तिच्या काखेत होते, म्हणून मला माहीत. कुणी अर्ज मागितला नाही. कुणी कारण विचारलं नाही.

पुढे कुठं प्रार्थना चालते का हे शोधत सरकारची माणसं तपासणीला यायची, चुलीमागे टांगलेलं हे काय आहे म्हणून विचारायची. ओक-सून सांगायची, बियाणं. मला ते खोटं कधी वाटलं नाही.

मरण्याआधी तिनं मला सुनेच्या, रायसाच्या हातात दिलं. तेव्हा उपदेश वगैरे काही केला नाही. भात करतेस ना, मग आधी हिला, एवढंच म्हणाली. रायसानं मान डोलावली आणि चाळीसच्या वर वर्षं ती मान डोलावलेली पाळली.

मग काळ पालटला. उघड प्रार्थना करता यायला लागली. कुणाच्या अंगणात, मग एका जुन्या पिठाच्या गिरणीत आमची मंडळी जमू लागली. बायका आपापल्या पिशव्या घेऊन यायच्या. कुणाची पोराच्या बुटांची, कुणाची जुन्या मोज्याची, एकीकडे तर दुधाची किटली होती. दाराजवळचं मडकं भरून वाहायचं. त्या वर्षांत मी सुखी होते. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही जन्माचीच कडवट.

तामारा युगाई त्या मडक्यावर जगत होती. तिचा नवरा बांधकामावर काम करायला सायबेरियात गेला, पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग ती थांबली. पदरात दोन मुलं, वित्या आणि धाकटी झोया. शेवटच्या गीताला तामाराची पावलं मला ओळखू यायची, कारण तिचा डावा बूट फाटलेला होता. फट्, फट्. सगळ्यांनाच ऐकू यायचं. सगळे आणखी मोठ्यानं गायचे.

आता वेनियामिन शेगाईबद्दल. तो आमच्या मंडळीचा मुख्य पंच. कांद्याचा व्यापारी, स्वतःचे ट्रक, स्वतःची वखार. तो चोर असता तर मला इतका राग आला नसता. तो चोखही आहे आणि दानशूरही. आजारी माणसाला आपल्या गाडीतून शहरात नेतो. पण एका रविवारी तो उभा राहिला आणि म्हणाला, की किती दिवस हातावर पोट असल्यासारखं जगायचं? मंडळीला पाया हवा, नवी वास्तू हवी, बँकेत भक्कम निधी हवा, मग उद्याची काळजी राहणार नाही.

सगळे आमेन म्हणाले. उपासना चालवणारा पाळकसुद्धा म्हणाला.

मी रायसाच्या दंडावर जळत होते. उद्याची काळजी कुणावर टाकायची हे तुम्ही याच गिरणीत, याच बाकांवर बसून शिकलात ना? मग बँकेचं नाव निघताच सगळ्यांचे चेहरे असे सैल का पडले? प्रार्थनेनंतर इतके सैल झालेले मी कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर पाकिटं आली. प्रत्येक घराचं नाव छापलेलं पाकीट, आणि कुणी दिलं याची यादी भिंतीवर. तांदळानं उंदीर होतात, शिवाय बाजारात हवे तेवढे मिळतात, म्हणून मडकं मागच्या शेडमध्ये गेलं. बायका यादीपुढे रेंगाळायला लागल्या.

"तुझं पाकीट हल्ली जाड दिसतं गं. मुलगा तिकडे कोरियात, सोलला कामाला लागला वाटतं?"

"कसली जाड. सगळी चिल्लर आहे आत. दिसायला बरं."

हसल्या दोघी. पुढच्या महिन्यात दोघींच्या पिशव्या घरीच राहिल्या. एकीत चिमटे गेले, एकीत गव्हाचा कोंडा. हळूहळू चाळीस घरांतली मी एकटी उरले.

रायसानं काढणं सोडलं नाही. ती मला घेऊन थेट तामाराकडे जायची. पण रायसाच्या घरात माणसं दोन, ती आणि तिचा मुलगा अर्कादी. त्यांच्या चमच्यांवर तिघांची पोटं कशी चालणार? शरद ऋतूत तामारानं तिला सांगून टाकलं.

"आमे, पहिल्या बर्फापर्यंत बघते," ती म्हणाली. आमच्याकडे आजीला आमे म्हणतात, आणि गावात सगळेच रायसाला तसं म्हणायचे. "मग पोरांना सरकारी वसतिगृहात ठेवते. तिथं तीन वेळा जेवायला तरी घालतात."

त्या वसतिगृहातून मुलं घरी परततात ती उंच होऊन आणि गप्प होऊन. रायसाला ते माहीत होतं. पुढच्या रविवारी उपासना संपताच ती मला दंडावर अडकवून वेनियामिनपुढे जाऊन उभी राहिली.

"वेन्या, ते मडकं आत आण."

"आमे, आधी बसा. चहा घ्या."

"चहा मी घरी पिते. मडकं आण."

त्यानं शांतपणे समजावलं. त्याचा तो शांतपणा मला आजही सहन होत नाही. तो म्हणाला, गरजूंनी अर्ज करावा, पंचांची बैठक उद्घाटनानंतर आहे, बर्फाआधी छप्पर चढायला हवं, त्यामुळे निधीला आत्ता हात लावता येणार नाही. मग त्यानं स्वतःच्या खिशातून पाच हजार तेंगे काढले. हे माझे स्वतःचे, तामाराला द्या, वेनियामिननं दिले म्हणून सांगा.

"नाव सांगायचं असेल तर तूच जा," रायसा म्हणाली. पण पैसे तिनं घेतले. दोन पोरं उपाशी असताना ताठा दाखवणारी ती नव्हती.

"आमे, तुम्ही फार टाकून बोलता. पैसा वाईट नसतो."

"वाईट म्हटलंय कुणी? तू त्याच्या भरवशावर जसा घोरतोस ना, तसा देवाच्या भरवशावर घोरून दाखव. मग मी येते चहाला."

"देवावर भरवसा आहे म्हणून तर त्याचं घर बांधतोय."

"त्याला घर आहे, वेन्या. तामाराकडे भात नाही."

शेजारी उभे असलेले पंच बुटांकडे बघत राहिले. पाळकाला एकाएकी गीतपुस्तकं गोळा करायची आठवण झाली.

वेनियामिनच्या पैशांतून तामाराकडे कोळसा आला आणि तो संपला. यात त्या पैशांचा दोष नाही. तांदूळही संपायचेच. पण ते पुढच्या रविवारी चाळीस स्वयंपाकघरांतून पुन्हा चालत यायचे. कारण चाळीस बायकांनी भांडं चढवण्याआधी, पुढच्या आठवड्याची काहीही खात्री नसताना, हात आखडला नव्हता. वेनियामिननं निधी उभारला, आणि त्या बायकांना हात आखडायला शिकवलं. ट्रकवाल्याला ही एवढी गोष्ट कळू नये? रोज सकाळी ट्रक सुरू होईल या भरवशावर तो जगतो. देव सुरू होईल यावर मात्र त्याला तारण हवं.

पहिला बर्फ पडला. रायसा बसथांब्यावर गेली, मी तिच्या हातात. वित्या रडला नाही, आपण मोठे आहोत असं दाखवत लांब उभा राहिला. झोयानं माझी दोरी धरली आणि बस आली तरी सोडेना. तामारानं एकेक बोट सोडवलं. पाच वर्षांच्या पोरीच्या मुठीत इतकी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. माझी दोरी तेव्हापासून एका बाजूनं ओढलेली आहे. तुम्ही फोटो काढता तेव्हा ती बाजू आत दुमडून ठेवतात.

मी इथं कशी आले? अर्कादी वेनियामिनच्या वखारीत कामाला. मालकानं त्याला प्रेमानंच सांगितलं, की नव्या वास्तूच्या दर्शनी भागात पूर्वजांचा ठेवा हवा, तुझ्या घरातली ती पिशवी दे. आईला विचारतो म्हणायचं धैर्य अर्कादीला झालं नाही. रायसा औषधं आणायला गेली असताना त्यानं मला खुंटीवरून काढलं. माझ्यात आठवड्याचे तांदूळ होते. सजावट करणाऱ्या माणसानं ते कचऱ्याच्या डब्यात ओतले. मग मी रिकामी लोंबायला लागले, बरं दिसेना, म्हणून नव्या स्पीकरच्या खोक्यातला फोम माझ्या पोटात भरला. खाली पितळी पाटी ठोकली: आमच्या पूर्वजांचा विश्वास.

फोम! ओक-सूननं मेलेल्या लेकीच्या अंगरख्यातून मला शिवलं, ते यासाठी?

उद्घाटनाला अल्माटीहून पाहुणे आले, सोलहून आले. फीत कापली. गाजराची कोशिंबीर, वाफवलेले मोदकासारखे बेगोद्या, मांस, सगळ्याच्या राशी. वेनियामिननं रायसाला हाताला धरून माझ्यासमोर आणलं. त्याला खरंच वाटत होतं की ती सुखावेल. त्याचे डोळे भरले होते. मला त्या डोळ्यांचीही चीड आली.

रायसानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हिच्यातले तांदूळ कुठे आहेत?"

कुणीतरी समजुतीनं हसलं आणि म्हणालं, की आमे, हे प्रदर्शन आहे, यात खरे तांदूळ नसतात.

"वेन्या, तुला विचारतेय. तांदूळ कुठे आहेत? ते कुणाचेतरी होते."

पाहुण्यांना दुभाष्या हळूच काहीतरी वेगळंच सांगत होता. रायसा वळली आणि ताटाला हात न लावता निघून गेली. आत शेवटचं गीत सुरू झालं. शब्द पडद्यावर होते, त्यामुळे सगळ्यांचे डोळे उघडे होते.

त्याला आता वर्ष होत आलं. माझी काच चांगली पुसलेली असते, म्हणून बायका तिच्यात बघून डोक्यावरचा रुमाल नीट करतात. परवा दोघी असंच करत होत्या.

"ती म्हातारी आता बादलीत तांदूळ जमवते म्हणे. तिच्याच स्वयंपाकघरात, रविवारी."

"कोण जातं तिथं?"

"आहेत पाच-सहा घरं. अर्कादीच बादली घेऊन फिरतो, त्यापायी वखारीत दोन आठवडे गैरहजर होता म्हणे."

"तू गेलीस का?"

"एकदा." मग रुमालाची गाठ घट्ट करत, "तीनदा. कुठं बोलू नकोस."

"आणि तामाराची पोरं?"

"वित्याला आणलं गेल्या महिन्यात. दोघांचं जमत नाही अजून. धाकटी तिथंच आहे."

एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि आत दोनशे माणसांनी देव आमचा पुरवठा करणारा आहे असं गायलं. सुरात गायलं.

तेव्हा ऐका. मला इथून सोडवा असं मी म्हणत नाही. मी कापड आहे, मला कसर लागेल, लागू दे. बादलीनंही काम होतं, मोज्यानंही होतं. माझ्यापुढे हात जोडू नका, माझी पाटी वाचून पोरांना सांगू नका की आपले पूर्वज किती श्रद्धाळू होते. ते घाबरलेले होते. उद्या खायला मिळेल की नाही याची त्यांना तुमच्याहून जास्त भीती होती, आणि त्या भीतीतच त्यांनी हात पुढे केला. तुमच्याकडे भीती उरलेली नाही, ती तुम्ही बँकेत ठेवलीत. तिच्याबरोबर आणखी काय ठेवून आलात ते एकदा बघा.

मला अजून एकच गोष्ट सांगायची आहे, मग मी गप्प बसते. सहा घरांनी एक मूल परत आणलं. तुम्ही इथं दर रविवारी दोनशे जण येता. झोया आता सहा वर्षांची झाली. ती अजून तिथंच आहे.