बुटावरचा पक्षी

"हलू नका," बायको पुटपुटली, "तुमच्या बुटावर बसलाय."

वनरक्षकाने फक्त नजर खाली नेली. बावीस वर्षे या जंगलात ज्याची नुसती शीळ ऐकली, तो निळ्या गळ्याचा पक्षी त्याच्या डाव्या गमबुटावर बसून मुंग्या टिपत होता.

दर वर्षी तो नोंदवहीत लिही, 'आवाज ऐकला', आणि दर वर्षी साहेब शेरा मारीत, 'पुरावा नाही'. यंदा फोटो मिळाला नाही तर पक्ष्याचे नावच यादीतून काढू, असे त्यांनी बजावले होते. वनरक्षक उद्या निवृत्त होणार होता. खोटारडा ठरून घरी जायचे, हे त्याच्या जिवाला लागले होते. म्हणून त्याने साहेबांच्या हातापाया पडून ऑफिसातली सगळ्यात लांब लेन्स मागून आणली. पक्षी दिसला तर लांबच दिसणार, हे त्याने धरूनच ठेवले होते. नऊ दिवस जळवांना रक्त पाजले. दहाव्या दिवशी बायको छत्री घेऊन सोबत निघाली. माझी सवत दिसते तरी कशी ते बघू दे, म्हणाली.

आणि आता त्या तोफेतून काहीच धड दिसेना. लेन्सला निदान चार पावलांचे अंतर हवे होते आणि पक्षी पायाशी. मागे सरकावे तर बूटही सोबत येणार. लेन्स नुसती घरघरत राहिली. त्याला स्वतःच्या अकलेचा संताप आला. त्याने तसेच दोनदा बटण दाबले, मग खिशातल्या मोबाईलकडे हात नेला मात्र, पक्षी बुटावर शिटून भुर्रकन उडाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"हा बटाटाही असू शकतो."

"बुटावर बसला होता, साहेब. आमच्या मंडळींनीही पाहिलाय."

"घरच्यांची साक्ष कशी धरणार?" साहेब म्हणाले. आवाजात कीव होती, तीच त्याला जास्त झोंबली. साहेबांनी त्याच्यासमोरच यादीतल्या नावावर रेघ ओढली.

उरले होते सरकारी बूट परत करायचे. भांडारातला कारकून डाव्या बुटावरचा पांढरा डाग पाहून म्हणाला, बूट धुऊन जमा करायचे असतात, हे तुम्हाला का सांगायला हवं?

वनरक्षक नळावर गेला. उजवा बूट त्याने घासूनपुसून लख्ख केला. डावा तसाच आणून त्याच्या शेजारी ठेवला, सही केली, आणि चपला घालून बाहेर थांबलेल्या बायकोकडे गेला.