सवतीचा टाक

"वास येतोय ना? नाकं झाकू नका! हीच ती! निघाली बघा!"

चांदीवाले बाबा आपल्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यावर वाकून ओरडले आणि मालनबाईंच्या अंगणात दाटलेली माणसं एकदम मागं सरली. वास खराच येत होता, नासक्या अंड्याचा. बाबांनी विभूती घातलेल्या गरम पाण्यातून चिमट्यानं टाक उचलला. थोड्या वेळापूर्वी काजळासारखा काळा असलेला चांदीचा तो पत्रा आता लख्ख होता. त्यावर कोरलेल्या बाईचे डोळे स्पष्ट दिसले, तशी गर्दीत कुणीतरी हुंदका दिला.

"द्वारके, शांत हो गं माय," मालनबाईंनी पदर पसरला.

"विज्ञानवाल्यांनी यंत्र आणावं आणि या वासाचं वजन करून दाखवावं!" बाबा म्हणाले. लोक हसले, पण घाबरत.

चिकलठाण्यात मी मालनबाईंच्या शेजारी राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. द्वारका ही त्यांची पहिली सून. तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली, मागं मुलगी दुर्वा. यंदा त्यांच्या मुलानं, शिवराजनं, रूपाशी दुसरं लग्न केलं. त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणं गेलेल्या सवतीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक नवीच्या गळ्यात बांधला. द्वारका गेल्यापासून देवघरात पांढरा राहिलेला तो टाक रूपाच्या गळ्यात तीन आठवड्यांत काळा पडला. बाबांनी उजळला, पुन्हा काळा पडला. आजची तिसरी खेप होती.

"हिला हिची पोर पाहिजे," बाबांनी निकाल दिला. "अमावस्येच्या आत पोरगी नवीपासून तोडा. नायतर हे काळं पोरीच्या तोंडावर येईल."

अमावस्या पुढच्या रविवारी होती. दुर्वाला वैजापूरला मामाकडं कायमचं धाडायचं ठरलं. सहा वर्षांची ती पोर रूपाच्या साडीचा काठ मुठीत धरून उभी होती. मालनबाईंनी मूठ सोडवली.

दुसऱ्या दिवशी रूपा माझ्याकडं आली. "मॅडम, सकाळी आरशात आधी तिचं तोंड दिसतं, मग माझं. रोज थोडं जास्त काळं. कामात वाकले की छातीवर हलते. मी तिची माफी मागते. दुर्वानं मला आई म्हणलं, हे तिला आवडलं नसंल का हो?"

तिनं टाक काढून टेबलावर ठेवला. त्यावर कोरलेल्या मानेभोवती पुन्हा किंचित करडेपणा दिसू लागला होता. गंधकानं चांदी काळी पडते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी ते डोळे माझ्याकडं रोखलेले वाटले आणि मी टाक पालथा केला. मला त्याची लाज वाटली.

पण यांच्या घरात गंधक कुठून? तेवढ्यात माझं लक्ष रूपाच्या पायांकडं गेलं. तिची जोडवीही काळी होती.

"ही कुणाची?"

"माझीच. लग्नात नवी घेतलेली."

"मग यात कोण शिरलंय?"

रूपानं वाकून जोडवी बोटानं घासून बघितली. ती रबरी वायसरांच्या कारखान्यात मिश्रण खात्यात कामाला होती. रबर पक्कं करायला त्यात पिवळी भुकटी घालतात. ती भुकटी गंधकाची. तिच्याच खात्यातली नौशीन संध्याकाळी भेटली, तिनं बोट पुढं केलं. "अंगठी बघा, कोळसा झाली! आमच्या खात्यात सगळ्यांचंच असं. माझ्यावर कोण रुसंल? नवऱ्याची मी एकलीच हाय!"

मालनबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पुस्तकातलं सांगू नका, बाई. माझी नात हाय."

"पुस्तक नको. तुमच्याच हातानं करू."

देवघरातली दोन सारखी चांदीची नाणी त्यांनी काढली. एक रूपाच्या कामावरच्या न धुतलेल्या अॅप्रनमध्ये, दुसरं धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं. दोन सारखे डबे, सुताच्या गाठी त्यांच्याच. दोन्ही डबे माझ्या गच्चीवर उन्हात सहा दिवस राहिले.

रविवारी पुन्हा गर्दी जमली. दुर्वाची पिशवी दारात होती. मालनबाईंनी गाठी सोडल्या. धुतल्या फडक्यातलं नाणं पांढरं, अॅप्रनमधलं काळं.

"नाण्यात शिरली!" बाबा म्हणाले.

"शेजारच्या डब्याचा रस्ता चुकली का?" नौशीननं विचारलं. या वेळी लोक मोकळे हसले.

मी मालनबाईंचं अॅल्युमिनियमचं पातेलं मागितलं. त्यात गरम पाणी, खायचा सोडा, मीठ. काळं नाणं तळाला टेकवलं. मंत्र नाही. थोड्या वेळात तोच वास आला आणि नाणं उजळलं. चांदीला चिकटलेला गंधक अॅल्युमिनियममुळं सुटतो. त्यातला थोडा वायू होऊन उडतो, त्याचाच तो वास.

"बाबा, तुमची विभूती या स्टीलच्या पातेल्यात घालून टाक उजळून दाखवता?"

"मंत्र माझ्याच भांड्यात चालतो."

"व्हय, मंत्र अॅल्युमिनियमचा हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. बाबांनी आपलं पातेलं काखेत मारलं आणि अमावस्येची घाई सांगून ते निघून गेले.

मालनबाई खाली बसल्या. "मग ती रागावली नव्हती?"

"नव्हती," मी म्हणाले. "ती काविळीनं गेली. तेव्हाही आधी अंगारा लावला होता तुम्ही, दवाखाना नंतर." बोलून गेले. मालनबाईंनी टाकासाठी हात पुढं केला.

रूपानं टाक त्यांच्या हातात ठेवला. "आत्या, हा दुर्वाकडं राहू द्या. तिच्या आईचा हाय."

मालनबाईंनी दारातली पिशवी आत नेली.

चांदीला भीतीची गरज नसते. गंधकाच्या कामावर जाताना ती काढून ठेवावी, मऊ फडक्यानं पुसून कोरड्या डबीत ठेवावी. खडे, मोती, लाख भरलेले दागिने सोड्यात बुडवू नयेत. आणि घरात काही काळं पडलं, तर एखाद्या बाईकडं बोट दाखवण्याआधी कारण शोधावं.

दुर्वा आता दर महिन्याला ओट्याशी स्टुलावर चढते. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, जुनी मऊ ओढणी. "हळू गं," रूपा मागून म्हणते.

"हळूच धुते," दुर्वा म्हणते. "आईच्या डोळ्यांत साबण जाईल."