केसरबाईंचा गार वारा

मी जानरावांची गाडी बोलतेय. हो, पिंपळगाव राजातली तीच अँबेसिडर. एके काळी पांढरीशुभ्र होते, आता दुधात चहा सांडल्यासारखा रंग झालाय. हसू नका! तुमच्या नव्या गाड्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या की खेळण्यातल्या वाटतात, पण मी कधी काही बोलले का?

माझे पहिले मालक चिखलीचे एक डॉक्टर. मोठा हौशी माणूस, त्यांनी मला एसी बसवून घेतला होता. जानराव त्यांचे ड्रायव्हर. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा माझी किल्ली त्यांनी जानरावांच्याच हातात ठेवली. त्याच उन्हाळ्यात जानरावांना मुलगी झाली, मंजुश्री. दवाखान्यातून ती घरी आली ती माझ्याच मागच्या सीटवर, आईच्या, म्हणजे केसरबाईंच्या मांडीवर. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि आत कसा झुळझुळ गार वारा. केसरबाई बाळाच्या कानाशी म्हणाल्या, "पाह्य वं मंजू, तू त साहेबिणीवानी घरी आली!"

पुढे माझं पेट्रोलचं इंजिन थकलं. धाप लागायची, चढावर जीव जायचा. शेवटी जानरावांनी गोविंदा मिस्त्रीकडून मला डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. आता माणसंसुद्धा हृदय बदलून घेतात म्हणे, मग मी कशाला नाक मुरडू? पण त्या नव्या इंजिनाला एसीचा कॉम्प्रेसर अडकवायला जागाच नव्हती.

"राहू दे बे गोविंदा," जानराव म्हणाले. "काचा खाली केल्या की वाराच वारा."

कॉम्प्रेसर पोत्यात बांधून माळ्यावर गेला. केसरबाईंना कुणी विचारलं नाही. त्या मात्र मला पुसायला आल्या की डॅशबोर्डवरच्या त्या वाऱ्याच्या जाळ्या पदराच्या टोकानं अगदी फटीफटीतून पुसायच्या. त्यांतून आता धुळीशिवाय काही येत नव्हतं! मला वाटायचं, बाई जरा वेडीच आहे.

गेल्या उन्हाळ्यात केसरबाई फाट्यावर बसची वाट पाहत उभ्या होत्या, तिथंच ऊन लागून कोसळल्या. सलाईन लागलं, शुद्ध हरपली, घरादाराच्या तोंडचं पाणी पळालं. वाचल्या, पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की पुन्हा असं तापलात तर काही खरं नाही. आणि यंदा मंजूचं लग्न ठरलं ते नेमकं मे महिन्यात, भर दुपारचं, बुलढाण्यात.

"भाड्यानं एसीवाली गाडी आणतो," जानराव म्हणाले.

"मंजू ज्या गाडीत घरी आली, त्याच गाडीत तिले पोचवीन," केसरबाईंनी ठणकावलं. "नाही त राहीन घरी."

"आई नाही त मी पण नाही," मंजूनं वरून फोडणी घातली. लेक बँकेत नोकरीला, पण हट्ट आईचाच.

जानराव मुकाट्यानं माळ्यावर चढले.

मग काय, माझी वरात गोविंदाच्या गॅरेजात. गोविंदानं बोनेट उघडलं, पोत्यातला कॉम्प्रेसर पाहिला आणि डोकं खाजवलं.

"काका, इंजिन एकाचं, एसी दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याची. यायची सोयरीक जुळवनं म्हंजे मंजूच्या लग्नापेक्षा अवघड!"

त्यानं लोखंडी प्लेट कापून कॉम्प्रेसरसाठी बैठक बनवली. पहिली प्लेट डिझेलच्या थरथरीनं तडकली. दुसरी जाड बनवली, तर कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टा वाकडा धावायला लागला आणि असा किंचाळायचा की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची. गोविंदाच्या नाकी नऊ आले. जानराव रोज येऊन स्टुलावर बसायचे आणि विचारायचे, "जमून राह्यलं ना?" आणि गोविंदा रोज म्हणायचा, "जमवतो न, काका." तिसरी प्लेट मात्र चपखल बसली. मग नव्या नळ्या आल्या, गॅस भरला गेला. माझ्या तोंडावरच्या जाळीमागे त्यानं एक नवी चपटी जाळीही बसवली. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "काका, आतली गरमी इथून भाईर पडते. हिले समोरून वारा लागलाच पायजे."

"हाव, हाव," जानराव म्हणाले. माणसं 'हाव' दोनदा म्हणाली की समजावं, ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर केसरबाईंना आत बसवून जानरावांनी बटण दाबलं. केसरबाईंनी वाऱ्याच्या जाळीपुढे तळहात धरला आणि त्या लहान पोरीसारख्या हसल्या. मला तर अगदी धन्य झाल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या सकाळी जानरावांच्या थोरल्या बहीण कलाबाई मला सजवायला आल्या. आमच्याकडे नवरीची गाडी सजवायचा मान आत्याचा, आणि कलाबाई म्हणजे मान पुरेपूर वसूल करणारी बाई. त्यांनी माझ्या तोंडावर झेंडूच्या माळा आडव्या बांधल्या, मग उभ्या बांधल्या, मग त्यांच्यावर निळी-पांढरी झालर घट्ट ताणली. "आपल्या मंजूची गाडी चारचौघींत उठून दिसली पायजे!" दिसत होतेच हो मी! पण माझ्या नाकातोंडावर रजई बांधली होती त्याचं काय? ओरडायची सोय असती तर हॉर्नचा भोंगा केला असता.

निघालो. जानराव गाडी चालवत होते, शेजारी कलाबाई, मागे मायलेकी. मंजू बौद्ध लग्नाच्या पांढऱ्या साडीत अशी दिसत होती की माझे आरसेसुद्धा तिच्यावरून हलेनात. गाव सुटेपर्यंत वारा गार होता. मग कोमट झाला. घाटाच्या पायथ्याशी तर जाळ्यांतून चुलीपुढची हवा यायला लागली आणि माझ्या इंजिनाचा काटा लालकडे सरकला.

"बाबा, आईचं तोंड पाहा!" मंजू ओरडली.

केसरबाई लालबुंद झाल्या होत्या, ओठ सुकले होते. काचा खाली केल्या तर बाहेरूनही झळाच येत होत्या. मंजू लग्नाच्या पत्रिकेनं त्यांना वारा घालत होती आणि रडत होती. "परत फिरा," केसरबाई पुटपुटल्या. "मले घरी सोडा आन् तुमी जा." हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला आतून चर्र झालं.

जानरावांनी मला निंबाच्या सावलीत उभं केलं. गोविंदाला फोन लावला. सगळ्यांचा संशय त्या बिचाऱ्या प्लेटीवर!

"काका, इंजिन बंद करू नोका, एसी चालूच ठेवा," गोविंदा म्हणाला. "फोन बोनेटाजवळ धरा, पट्ट्याचा आवाज आयकतो."

जानराव फोन धरून उभे. कलाबाई मागे जाऊन भावजयीच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवत होत्या. आणि तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं बकऱ्यांचा कळप आला. पुढच्या बकरीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि माळेला तोंड घातलं. मग दुसरीनं. मग साऱ्या पंगतीला बसल्या! झेंडू फस्त, झालर ओढली, फाडली, तुडवली.

"अवं माय! मेलीहो, माह्या माळा!" कलाबाई चप्पल काढून धावल्या.

आणि मी? मी श्वास घेतला. कितीतरी वेळानं पहिला.

"थांबा!" आतून केसरबाईंचा आवाज आला. मागच्या सीटवरून पुढे वाकून त्यांनी हात जाळीपुढे धरला होता. "अवं बाई, मारू नोका त्याईले. खाऊ द्या! गार वारा येऊन राह्यला!"

जानराव बकऱ्यांकडे पाहत राहिले, मग माझ्या उघड्या पडलेल्या तोंडाकडे. "हात्तिच्या!" त्यांनी कपाळावर हात मारला आणि उरलेली झालर स्वतःच टराटरा ओढली.

"काका, काय झालं?" फोनमधून गोविंदा.

"काही नाही बे. तुह्या एसीले आम्हीच फाशी देली होती!"

मंजू रडता रडता हसायला लागली. कलाबाई मात्र फुगल्या. "म्हंजे माह्यी सजावट बकऱ्यायच्या पोटात?" केसरबाईंनी वाचलेली एकुलती एक माळ त्यांच्या हाती दिली आणि ती माझ्या आरशाला बांधली गेली. घाट मी थंडगार चढले. मंगल परिणय पार पडला तेव्हा केसरबाई लेकीच्या मागे ताठ उभ्या होत्या, आणि मंजू सारखी वळून पाहत होती.

परतताना कलाबाई पाहुण्यांबरोबर थांबल्या. केसरबाई पुढच्या सीटवर बसल्या. मागची सीट रिकामी. ऊन उतरलं होतं, एसीची तशी गरज नव्हती. केसरबाई काचेबाहेर पाहत डोळे पुसत होत्या. जानरावांना समजूत काढणं कधी जमलं नाही. त्यांनी काच वर केली आणि बटण दाबलं. मग विचारलं, "एसी त केव्हाच काढून टाकला होता. मंग या जाळ्या तू येवढे वर्ष काऊन पुसत होती वं?"

"मले वाटे," केसरबाई म्हणाल्या, "वारा कधी ना कधी येईन. आला त धूळ नोको."

जानरावांनी हात लांबवून जाळी केसरबाईंकडे वळवली. आणि माझा पट्टा, जो कधी किंचाळायचा, तो घरापर्यंत चकार आवाज न करता फिरला.

आता मी अंगणात असते. नवरी, नवरदेव, कुणालाही पोचवायला आजही तयार आहे. सजवायचं तर खुशाल सजवा, मला नटायला फार आवडतं. पण बाबांनो, तेवढं नाक मोकळं ठेवा. आणि घरातलं काही काढून टाकायच्या आधी, ते रोज पुसणाऱ्या बाईला एकदा विचारा.