पालथी कढई

मी कढई बोलतेय. बिडाची, बुडाला गोल, आणि अंगाने इतकी ऐसपैस की आख्खं मेंढरू डोक्यासकट माझ्यात मावतं. ही फुशारकी नाही. आमच्या ताश-बुलाक गावात माणसाची ओळख करून देताना त्याच्या बापाचं नाव सांगतात, आणि कढईची ओळख करून देताना तिच्यात काय मावतं ते.

माझा जन्म खाली शहरातल्या ओतशाळेत झाला. तिथे ट्रॅक्टरचे भाग ओतायचे. भाग ओतून जे लोखंड उरलं त्याची मी झाले. कालीबेक नावाच्या ट्रक ड्रायव्हरने मला आपल्या लग्नासाठी उचललं. घाट चढताना दोरी सुटली आणि मी ट्रकमधून खाली पडले. रस्त्याला खड्डा पडला. मला काही झालं नाही.

कालीबेकची नवरी उरकुया. लग्न झाल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून मला आतून चोळली. तापवायची, चोळायची, पुन्हा तापवायची. हात पोळले तरी थांबली नाही. मी मनात म्हटलं, ही बाई टिकणार.

गावात माझ्याएवढी कढई दुसरी नव्हती. त्यामुळे कुणाचं लग्न असो, बारसं असो, मयत असो, मला न्यायला माणसं यायचीच. मयत असलं की आधी मोल्दोकडे, म्हणजे गावच्या मौलवीकडे, निरोप जायचा आणि मग माझ्याकडे. लग्न असलं की आधी माझ्याकडे. माझ्यात मांस शिजायचं, बोर्सोक तळायचे. हे बोर्सोक दिसायला तुमच्या शंकरपाळ्यांसारखे, पण फुगीर. बायका भोवती बसून पीठ कापायच्या आणि गावातल्या ज्या बायका हजर नाहीत त्यांच्याबद्दल बोलायच्या. उरकुया कमी बोलायची. म्हणून तिच्याबद्दलही बोलायच्या.

मग एका हिवाळ्यात घाटात बर्फाचा कडा कोसळला आणि कालीबेक ट्रकसकट गेला. त्याचं जेवण माझ्यातच शिजलं. लोक जेवले, रडले, पांगले. सरकारी शेतं त्याच सुमारास मोडली होती. पगार बंद, दुकानात पीठ नाही. घरात उरकुया आणि तिची मुलगी गुलसिन, आणि अंगणात मी, तळाला चरबी थिजलेली.

तेव्हा आगाथा आली. गल्लीच्या टोकाला राहणारी जर्मन म्हातारी. जर्मनीशी लढाई चालू असताना सरकारने तिच्या माणसांना आगगाडीत कोंबून इकडे आणून टाकलं होतं. तेव्हापासून ती इथे गाय पाळायची, कोबी मुरवायची आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. ती आली, मला राखेने घासून लख्ख केलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी लख्खच होते, तरी घासलं.

असे बरेच दिवस गेल्यावर उरकुयाने विचारलं, "आजी, तुम्हाला कधी रडताना पाहिलं नाही. तुमचं कुणी गेलं नाही वाटतं?"

"नवरा गेला. दोन पोरं गेली. घर गेलं."

"मग?"

"मग देवाला म्हटलं, हे सगळं तुझ्या जमिनीत पडलंय. आता उगवायचं काय ते तू बघ."

"उगवलं?"

"अजून नाही," आगाथा म्हणाली. "पण त्याने शब्द दिलाय, वेळ आली की उगवेल. आपण मध्येच कंटाळायचं नाही, एवढीच अट."

मला तो सौदा काही पटला नाही. उरकुयाला पटला. पुढच्या वसंतात ती ओढ्यात बुडी मारून येशूची झाली. ओढ्याला बर्फाचं पाणी होतं. नंतर आठवडाभर खोकत होती.

आगाथाची उरलेली मुलं जर्मनीला निघाली आणि तिलाही घेऊन गेली. जाताना ती उरकुयाच्या गळ्यात पडून म्हणाली, "आता इथे तू." एवढंच. मागे कोबीचा एक पिंप ठेवून गेली.

गावाला कळलं तेव्हा नियाझ मोल्दो दोन वडीलधाऱ्यांना घेऊन अंगणात आला. माणूस वाईट नव्हता. ओरडला नाही.

"उरकुया, तू देव बदललास म्हणे."

"देव तोच आहे, मोल्दोके. मी बदलले."

मोल्दोने दाढीवरून हात फिरवला. "ते मला कळत नाही. पण तुझ्या कढईतलं आता गाव खाणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या शरद ऋतूत लग्न होतं. शेजारच्या गावातून दुसरी कढई आणली. ती लहान होती. पाहुणे दोन पंगतीत बसवावे लागले आणि नवऱ्या मुलाच्या मामाला पोटभर मांस मिळालं नाही, त्यावरून दोन घरं आजही बोलत नाहीत. मी फक्त काय घडलं ते सांगतेय.

गुलसिनचं लग्न पलीकडच्या खोऱ्यात झालं. आईचं कळल्यावर सासरच्यांनी तिचं माहेर तोडलं. उरकुयाने मला अंगणात भिंतीलगत पालथी घातली. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. अंगावर गंज चढला.

पण रोज सकाळी गाईची धार काढली की उरकुया माझ्या पाठीवर येऊन बसायची आणि मोठ्याने प्रार्थना करायची. गल्लीतलं एकेक घर घ्यायची. "देवा, पाटकऱ्याची दारू सोडव. मास्तरच्या सुनेची कूस उजव. नियाझ मोल्दोला एकट्याला करमत नाही, त्याला सोबत दे. गुलसिनला दार उघडू दे." मग थांबायची आणि म्हणायची, "पेरलेलं आहे. तू म्हणालास, उगवेल."

भिंत छातीएवढी. पलीकडे जांगिल. नवरा गेलेली, गुडघ्याने अधू, जिभेने धडधाकट. तिला प्रत्येक शब्द ऐकू यायचा.

"अगं ए उरकुया!" ती ओरडायची. "पालथ्या घड्यावर पाणी ओततात ते ऐकलं होतं. तू तर आख्खी कढईच पालथी घालून बसलीस!"

उरकुया डोळे न उघडता पुढे म्हणायची, "देवा, जांगिलच्या गुडघ्याला आराम दे. जिभेलाही दे, फार राबते बिचारी."

मग पलीकडून बादली आपटल्याचा आवाज यायचा.

अशी किती वर्षं गेली ते कोंबड्यांना विचारा. तेवढ्यात कोंबड्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. रविवारच्या प्रार्थनेला मध्यंतरी एक बहिरा म्हातारा यायचा. त्याला उरकुयाचा जर्दाळूचा मुरंबा आवडायचा. मुलाने त्याला शहरात नेलं आणि मंडळी निम्मी झाली.

गावात मयत झालं की उरकुया जायचीच. पिठाला हात लावू देत नसत. मग ती पाणी वाहायची. यावर वडीलधाऱ्यांनी बसून विचार केला आणि पाणी चालेल असं ठरलं. दिवसभर ती ओढ्यावरून बादल्या आणायची, आणि जेवणाच्या वेळी घरी येऊन बटाटे उकडायची.

एकदा मात्र ती माझ्यावर बसली आणि नखाने गंज खरवडत राहिली. शेवटी म्हणाली, "देवा, मी कंटाळले आहे. अट माहीत आहे मला. पण कंटाळले आहे." आणि उठून गाईला चारा घालायला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटकऱ्यापासून सुरुवात.

एका दुपारी नियाझ मोल्दो एकटाच आला. आता तो थकला होता. काठी टेकत ओट्यावर बसला.

"उरकुया, एक अवघड बोलायचंय. तू मेलीस की तुला आपल्या कबरस्तानात पुरता येणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तेव्हा तुला वाईट वाटायला नको."

"तेव्हा मला कसं वाटेल, मोल्दोके?"

मोल्दोने थोडा विचार केला. "तेही खरंच."

"मग मला कुठे ठेवाल?"

"हे तुझं बटाट्याचं शेत आहे ना अंगणाला लागून, त्याच्या कडेला."

"चालेल," उरकुया म्हणाली. "जमीन चांगली आहे. चहा घेता?"

मोल्दोने इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. त्याने चहा घेतला, मुरंबाही घेतला. पुढच्या आठवड्यात कबरीची दिशा ठरवायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात खोली. त्यानंतर कारण न सांगताच येऊ लागला. दोघं देवाबद्दल भांडायची आणि मुरंब्यावर एकमत व्हायचं.

मग तो हिवाळा आला. उरकुया तापाने अंथरुणाला खिळली. घसा बसला. शेजारची पोर गाईचं बघायची, पण माझ्या पाठीवर बर्फ साचला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी फाटक धाडकन उघडलं आणि जांगिल लंगडत अंगणात आली. इतक्या वर्षांत या अंगणात तिचं हे पहिलं पाऊल.

"मेलीस की काय?" ती खिडकीकडे बघून ओरडली. "चार दिवस झाले, काही ऐकू येत नाही! माझा गुडघा ठणकतोय!"

जांगिल दार उघडं टाकूनच आत गेली. थंडी घरात शिरली आणि आवाज बाहेर आला.

"बोल ना! बोलता येत नाही? बरं, तू नुसती पडून राहा. आज कोण म्हणणार मग? पाटकऱ्याला असंच सोडायचं?"

मग जांगिलचा आवाज आला, चिडलेला, पण हळू. "देवा, पाटकऱ्याची दारू सोडव. मास्तरच्या सुनेची कूस... तिला तर दोन झाले, आता पुरे कर. नियाझ मोल्दोला सोबत दे. गुलसिनला दार उघडू दे." तिला सगळं पाठ होतं. क्रमसुद्धा. "आणि जांगिलच्या गुडघ्याला आराम दे." इथे ती अडखळली. "जिभेलाही दे." मग बराच वेळ आतून कुणीतरी नाक शिंकरत होतं. उरकुयाचा घसा बसलेला होता, म्हणजे ती जांगिलच.

उरकुया बरी झाली. जांगिल मात्र रोज येऊ लागली. "माझा विश्वासबिश्वास काही नाही," फाटकातूनच सांगायची, "गुडघ्यासाठी येते."

त्या वसंतात नियाझ मोल्दो गेला. उरकुयाच्या आधी गेला. तिला जागा नेमून देणारा तोच, तेव्हा गावाला थोडं विचित्र वाटलं. तीन खोऱ्यांतून माणसं लोटली. आणलेली लहान कढई पुरेना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"उरकुयाची आणा," जांगिल म्हणाली.

बायका पुन्हा पिठाकडे वळल्या.

"तिने आणलेलं पाणी चालतं ना इतकी वर्षं? मग त्याच पाण्याने कढई धुवा!"

शेवटी मोल्दोचा थोरला मुलगा उठला. "अब्बा तिच्याकडे मुरंबा खायचे," तो म्हणाला. "घरी येऊन दाढी धुवायचे. आम्हाला दिसत नव्हतं असं त्यांना वाटायचं."

चौघांनी मला उताणी केली. कोंबड्यांनी फार आरडाओरडा केला. वाळूने घासलं, धुतलं, चरबी चोळली. चरबी उरकुयाने चोळली. त्या दिवशी तिने बायकांत बसून पीठ कापलं. तिच्याबद्दल कुणी बोललं नाही, कारण ती हजर होती. इतक्या वर्षांचा गंज, आणि त्यात तापलेली असताना कुणीतरी गार पाणी ओतलं, माझ्या काठाला तडा गेला. त्याचं मला दुःख नाही.

बटाटे लावायचे दिवस आले. उरकुया सरीत वाकली होती. जांगिल काठी टेकत शेताच्या कडेला येऊन उभी राहिली.

"हे शेत केवढं आहे गं?"

"जन्मभर बघतेस की."

"बटाट्याचं नाही विचारत. मोल्दोने तुला इथे जागा दिली होती ना? दोघींची होईल का?"

उरकुयाच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "जांगिल, तुझा नवरा वर कबरस्तानात आहे. तुझी मुलं काय म्हणतील?"

"म्हणून झालं त्यांचं. थोरला म्हणाला, आई, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी म्हटलं, थांब, मला कुठे जागा आहे ते आधी बघून येते."

"गुडघ्यासाठी हे करू नकोस. गुडघा बरा होईलच असं नाही."

"गुडघा गेला खड्ड्यात! गुडघा होता तसाच आहे." जांगिलचा आवाज फुटला. "मी तुला शिव्या घातल्या त्या दिवशीसुद्धा तू माझं नाव घेतलंस. एक दिवस चुकवला नाहीस. तुझा तो देव, तो माझ्यासारखीला कंटाळत नाही का?"

"नाही."

"मग मला तोच हवाय."

उरकुया सरीतच बसली आणि रडू लागली, मोठ्याने, लहान पोरीसारखी. कालीबेक गेल्यापासून मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"रडतेस काय? बियाणं भिजेल," जांगिल म्हणाली, आणि स्वतःही खाली बसली. गुडघा वाकेना, तरी बसली.

आता मी उताणी असते. तडा मोठा होतोय. तेल झिरपून विस्तवात भडकतं, म्हणून तळण बंद, अर्ध्यापर्यंत पाणी घालून नुसतं उकडणं चालतं. एक दिवस मोडीत जाईन. ट्रॅक्टर झाले तर चालेल. गुलसिन अजून आलेली नाही. पाटकरी अजून पितो. जांगिलचा थोरला आईशी बोलत नाही, पण तिच्यासाठी सरपण आणून भिंतीशी टाकून जातो. माझ्यासारखी आख्खी मेंढरं शिजवणारी म्हणेल, इतक्या वर्षांत एक जांगिल, हे काही पीक नव्हे. उरकुयाला तसं वाटत नाही. बियाणं तिचं, तिला जास्त कळणार.

तुम्ही कधी ताश-बुलाकला आलात तर सकाळीच या. चहा मिळेल, मुरंबा मिळेल. जरा थांबावं लागेल, कारण दोघी प्रार्थनेतून मध्येच उठत नाहीत. आपलं नाव मात्र जपून सांगा. एकदा कानावर पडलं की दुसऱ्या सकाळपासून तेही त्यांच्या रांगेत लागतं, आणि मग तुम्ही कुठेही असा, काहीही म्हणा, त्या घेतच राहतात. थांबवता येत नाही. आख्ख्या गावाने करून पाहिलंय.