सैल पट्टी

दुपारी पावणेचारला परिचारिकेने शिंप्याच्या हनुवटीवर टॉर्च धरला आणि तिचा हात तिथेच थांबला. मघाशी गुलाबी असलेला कातडीचा तुकडा जांभळा पडला होता.

तो तुकडा त्याच्या डाव्या पायाचा होता. कॅन्सरमुळे खालच्या जबड्याचं निम्मं हाड काढावं लागलं. त्या जागी पायातलं बारीक हाड, वरच्या कातडीसकट बसवलं होतं, आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना शिवल्या होत्या. हाड जगणार की नाही, हे त्या जोडावर होतं. हाड डोळ्यांना दिसत नाही. त्याची खबर हा तुकडा देतो.

ऑपरेशनआधी शिंपी डॉक्टरांना म्हणाला होता, "ठिगळ त्याच कापडाचं हवं हं."

"त्याच ताग्यातलं आहे. फक्त खालच्या टोकाचं."

"म्हणजे आता बोलताना यांचा पाय घसरणार," बायको म्हणाली होती. "आजवर नुसती जीभ घसरायची."

परिचारिकेने रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणारं पेनासारखं यंत्र तुकड्यावर टेकवलं. नेहमीची घरघर नव्हती, तुटक ठोके होते. तिने चादर खाली केली. श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीवर वाफेचा मास्क होता. त्याची पट्टी मुद्दाम सैल सोडलेली असायची. आता ती मानेत रुतली होती. कानामागे गाठ, टोकं नीट आत खोचलेली.

"ही कोणी बांधली?"

"मी," बायको खुर्चीतून उठली. "तुम्ही मघाशी तपासून गेलात ना, तेव्हा. लोंबत होती, उशीत अडकत होती."

नवरा-बायको एकाच दुकानात शिवायची. लोंबतं टोक दिसलं की तिचे हात आपोआप तिकडे जायचे.

"काकू, मानेभोवती काही बांधायचं नाही, सांगितलं होतं ना?"

"माळ नको, दोरा नको म्हणालात. ही तर तुमचीच पट्टी. आणि घट्ट नाही हो बांधली. दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली, कॉलरला ठेवतो तशी."

"मान सुजत असते, काकू."

परिचारिकेने कात्री घातली. पट्टीखाली लाल वळ उठला होता. दोघी तुकड्याकडे बघत राहिल्या. रंग बदलला नाही.

डॉक्टर आले. त्यांनी तुकड्यावर सुई टोचली. काळपट रक्त भराभर वर आलं.

"शीर दबून आत गुठळी झाली असणार. उघडायला हवं. आत्ताच."

"पण पट्टी तर काढली. आता उतरेल ना रंग?"

"एव्हाना उतरायला हवा होता."

शिंप्याला बोलता येत नव्हतं. त्याने मानेवर हात नेला, दोन बोटं वळावर ठेवली आणि बायकोकडे पाहिलं. तिने नजर वळवली. स्ट्रेचर आत गेलं तेव्हा तिच्या मुठीत पट्टीचा कापलेला तुकडा होता.

दिवे लागायच्या वेळी परिचारिका बाहेर आली.

"गुठळी काढली. शीर पुन्हा शिवली आहे."

"आणि रंग?"

"अजून जांभळाच आहे, काकू."