तिसरा ग्लास

नरेंद्रने नाशिकहून रेड वाइनच्या तीन बाटल्या आणल्या आणि त्यांच्यासोबत बरंच शहाणपणही. रविवारी दुपारी कामतघरला त्याच्या मित्राच्या, ओमकारच्या, गच्चीवर बैठक जमली. कुठली वाइन कुठली हे नुसत्या वासाचवीवरून ओळखायचं होतं. लेबलं झाकायला ओमकारने बाटल्यांना आपल्या पॉवरलूमवर विणलेलं कोरं कापड गुंडाळलं. हौशी माणूस, ग्लासही त्यानेच धुऊनपुसून मांडले.

नरेंद्रच्या बायकोला, निशाला, यायचंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून तिला वासच येईनासा झाला होता. घरगुती मसाला विकणारी बाई ती! मिरची भाजली की करपली, हे नणंदेला, रूपाला, विचारावं लागे. रूपाचं लग्न महिन्यावर आलं होतं. ती सासरी गेली की मसाला बंद, असं निशाने रडून झाल्यावर ठरवलं होतं.

पहिला ग्लास हुंगून ओमकारची बायको वनिता म्हणाली, "जांभूळ!" निशाने नाक न लावताच मान डोलावली. दुसऱ्या ग्लासला नरेंद्रने डोळे मिटले. "लाकडी पिंपात मुरवलेली हाय. धुरकट वास बघा."

"मला तर दोन्ही सारख्याच वाटतात," वनिता कुरकुरली. निशाने त्यावरही मान डोलावली. या नाटकाचा आता तिला वीट आला होता.

तिसरा ग्लास तिने मात्र मनापासून नाकाशी धरला, आणि थबकली. आत खोलवर काहीतरी टोचलं. जड, काळपट, ओळखीचं. लहानपणी लूमवरची शिफ्ट संपवून आलेल्या बाबांचा शर्ट! वास गेला, पुन्हा आला.

"ओमकार, ग्लास कशानं पुसलेस?"

"त्याच कापडानं. कोरं हाय ना!"

"कोरं कसलं? लूमचं तेल लागलंय त्याला!"

सगळ्यांनी आपापले ग्लास हुंगले. "अगं बाई, म्हणजे भाऊजींचं लाकडी पिंप ते हेच!" वनिता हसून हसून बेजार झाली.

"माझं नाक त्या वासाला सरावलंय," ओमकार ओशाळून म्हणाला.

नरेंद्र मात्र हसला नाही. तो निशाकडे बघत राहिला. "तुला आला वास?"

तिचे डोळे भरून आले, तशी तिने मान डोलावली. या वेळी ते डोलावणं खरं होतं.

ओमकार ग्लास गोळा करायला उठला. "द्या, साबणानं धुऊन आणतो."

"माझा राहू दे," निशाने ग्लास छातीशी धरला. "आणि अहो, जाताना मिरच्या घ्यायच्यात. आज मीच भाजणार."