मागच्या पेटीतले देव

खांब गावाच्या अलीकडचं मोठं वळण आलं आणि हेमांगीची मोटारसायकल मागून डुलू लागली. पेणला माझ्या बहिणीकडे दोन दिवस राहून आम्ही सासू-सुना रोह्याला परत येत होतो. मी मागे बसून नामस्मरण करत होते, ते तोंडातच थांबलं. गाडी चांगली जडशीळ, लांबच्या प्रवासाची. पण तिचं शेपूट धरून कुणी हलवतंय असं वाटत होतं. हेमांगीने ब्रेक दाबला नाही. खांदे सैल सोडले, हँडलवरची पकड ढिली केली आणि वेग आपोआप उतरू दिला. वळण संपेपर्यंत गाडी शहाण्यासारखी सरळ झाली.

"आई, ठीक आहात ना?"

"आहे हो. तू बघ पुढे."

रोह्याला लागून असलेल्या वरसेला, घरी पोचल्यावर झालेला प्रकार तिनेच ह्यांना सांगितला. मी काही लपवणार नव्हते, पण तिने माझ्यावर ती वेळच आणली नाही.

हे निवृत्त मुख्याध्यापक. आवाज न चढवता निकाल देतात. "गुरुवारी कुलस्वामिनीला जायचंय ना? गाडीचं कारण सापडलं तर दोघी जा. नाही तर सरोजिनी एसटीने जाईल."

एसटीने मी आजवर जातच आले. डोळे मिटून, तोंडात आवळासुपारी धरून. ह्या वर्षी तो सगळा रस्ता डोळे उघडे ठेवून बघायचा, एवढंच मनात होतं. देवांचा डबा उतरवून देवघरात नेला.

हा डबा माझ्याबरोबर सगळीकडे असतो. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे. आपल्या हाताने देवांना आंघोळ घालून, आपल्या सहाणेवर गंध उगाळून लावल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा, पितळी समई आणि ती दगडी सहाण. देव पायाशी ठेवायचे नाहीत, म्हणून गाडीवर डबा नेहमी उंचावरच्या मागच्या पेटीत.

हेमांगी कंपनीत पंपांची आणि मोटारींची थरथर मोजायचं काम करते. कुठलं यंत्र आजारी पडणार ते तिला आधी कळतं, असं माझा मुलगा अद्वय बोटीवरच्या नोकरीतून फोन करतो तेव्हा कौतुकाने सांगतो. आता ते मी डोळ्यांनी पाहिलं. शिफ्ट संपवून आली की ती अंगणात बसायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग वळणावर जाऊन यायचं, मग दुसरी. आधी चाकांतली हवा. मग हँडलचे बेअरिंग. मग मागचं चाक पुढच्याच्या रेषेत आहे का, ते अंगणभर दोरा ताणून.

कान्हू टायरवाला बघायला आला होता. "वहिनी, टायर नवा हाय, हवा बरोबर हाय. गाडीला काय नाय. वळणाचीच दृष्ट लागली आसंल."

"मग वळणाला लिंबू-मिरची बांध," हेमांगी म्हणाली. "मी तोवर नट आवळते."

बुधवारी ती स्वयंपाकघरात आली आणि तांदळाची पिशवी मागू लागली. आमच्या वजनकाट्यावर तोलून, थोडे काढून, थोडे घालून तिने पिशवी बांधली आणि मागच्या पेटीत ठेवली.

हे ओटीवरून म्हणाले, "तांदळाला कुठे फिरायला नेतेस गं?"

"खांबपर्यंत, बाबा. त्यांनी पाहिलं नाहीये."

परत आली तेव्हा तांदूळ दोन पिशव्यांत होते आणि पिशव्या खालच्या दोन बाजूंच्या पेट्यांत. चेहऱ्यावर समाधान होतं. हात धुतले, माझ्यासमोर बसली आणि उगाच शेंगा सोलायला घेतल्या.

तांदूळ तोलताना तिने काट्यावर आधी काय ठेवलं होतं, ते मी पाहिलं होतं. देवांचा डबा.

"कारण सापडलं ना?" मी विचारलं.

"हो."

"मागच्या पेटीतलं वजन?"

तिने मान हलवली. "चाकाच्याही मागे, आणि उंच. आपण दोघी बसलो की मागची स्प्रिंग दबते, पुढचं चाक हलकं होतं, आणि ती पेटी वळणावर शेपटासारखी गाडी हलवते. तांदूळ तिथे होते तेव्हा गाडी डुलली, खाली घेतल्यावर नाही. आई, मला पहिल्या दिवशीच शंका होती. पण बाकी सगळं तपासल्याशिवाय तुमच्या देवांना उठा म्हणायचं नव्हतं."

तीन संध्याकाळी ही मुलगी अंगणात गुडघ्यांवर बसली होती, ती एका डब्याचा मान राखायला.

"सहाण आणि समई ही उपकरणं," मी म्हटलं. "त्या खाली बाजूच्या पेट्यांत ठेव, चालेल. देव मात्र खाली नकोत."

"टाकीवर बांधायची बॅग आहे माझ्याकडे. माझ्या पुढ्यात येईल. हलके झाले तर तिथे चालतील."

ह्यांनी चष्मा वर केला. "पेट्रोलच्या टाकीवर देव?"

"धावीर महाराजांच्या पालखीत देव मधोमधच बसतात ना?" मी म्हटलं. "दांडीच्या टोकाला कुणी बांधत नाही."

ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. तो त्यांचा होकार असतो.

तरी हेमांगीने गुरुवार उजाडायची वाट पाहिली नाही. मागची स्प्रिंग दोघींच्या वजनाला कडक केली, मागची पेटी काढूनच ठेवली, आणि ऊन उतरताना मला घेऊन निघाली. देव तिच्या पुढ्यात, लाल वस्त्रात गुंडाळलेले. "घाबरलात तर मला घट्ट धरू नका, नुसती पाठीवर थाप मारा," म्हणाली.

वळण आलं. वेग तोच होता, मी मुद्दाम वेगाच्या काट्याकडे पाहिलं. गाडी कलली आणि कललेलीच राहिली, पाण्यावर होडी धरून ठेवावी तशी. शेतं, विजेचे खांब, पलीकडची टेकडी, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून सावकाश वळलं. थाप मारायला हात उचललाच नाही. नामस्मरण चालू होतं.

घरी येऊन बॅग उघडली. बाळकृष्णाच्या कपाळावरचं सकाळचं गंध होतं तसं होतं. मी ते ह्यांना नेऊन दाखवलं.

बराच वेळ पाहून हे सुनेला म्हणाले, "मग मला कधी नेतेस?"

"तुम्हाला न्यायचं तर आधी तुमच्या वजनाचे तांदूळ फिरवून आणावे लागतील, बाबा," हेमांगी म्हणाली. "एवढे तांदूळ घरात नाहीत."